शस्त्रक्रियेने मधुमेह जातो का?



गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या मुलासह दवाखान्यात आले. वय ६८, अंगकाठी बेताची, मधुमेह बावीस वर्षांचा, इन्सुलिन बारा वर्षांपासून. मुलाच्या हाती वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण होते. "डॉक्टर, शस्त्रक्रियेने बाबांचा मधुमेह कायमचा जातो म्हणतात. पैशांची सोय करतो, तुम्ही फक्त हो म्हणा." वडील गप्प होते. हा प्रश्न उद्या तुमच्याही घरी उपस्थित होईल, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे.

या उपचारामागे भक्कम शास्त्र आहे. १९९५ साली अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी लठ्ठपणासाठी जठराचा बायपास केलेल्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील मधुमेहींपैकी सुमारे ८३ टक्के जणांची साखर पूर्ववत झाली होती. विशेष म्हणजे, वजन फारसे उतरण्यापूर्वीच साखर उतरू लागे.

असे का होते? जठराचा लहानसा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. तेथे अन्न लवकर पोहोचले की आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक स्रवते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा संदेश देते. मात्र स्वादुपिंडात तेवढी शक्ती उरली असेल, तरच त्या संदेशाचा उपयोग! म्हणूनच मधुमेह अलीकडचा असेल तर लाभ अधिक. जुना आणि इन्सुलिनवर विसंबलेला असेल तर कमी. टाइप १ मधुमेहावर हा उपाय नव्हे.

'कायमचा जातो' या शब्दांपासून सावध राहा. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपास गटात २९ टक्के, जठर अरुंद करण्याच्या 'स्लीव्ह' गटात २३ टक्के, तर केवळ औषधोपचाराच्या गटात ५ टक्के होते. लाभ निश्चित आहे. पण मधुमेह शमतो, समूळ नष्ट होत नाही. शिवाय त्या अभ्यासात साठीपुढील रुग्णांना प्रवेशच नव्हता.

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल, तर आशियाई रुग्णांत बॉडी मास इंडेक्स ३२.५ किंवा अधिक असताना शस्त्रक्रियेची शिफारस होती; २७.५ पासून पुढे तिचा विचार करता येत असे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिन व गोळ्यांची मात्रा लगेच कमी करावी लागते. जुनीच मात्रा चालू राहिल्यास साखर धोकादायकरीत्या घसरते. बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. डोळे आणि मूत्रपिंडांची तपासणी पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावी.

त्या गृहस्थांचा बॉडी मास इंडेक्स २४ होता. मी स्पष्ट नकार दिला. मुलगा खट्टू झाला. मग मी वडिलांनाच विचारले, "तुमची इच्छा काय?" ते हलकेच म्हणाले, "मुलगा एवढ्या मायेने धडपडतोय. त्याला नाही कसे म्हणू?"

घरातील वडीलधाऱ्यांसाठी उपचार निवडताना शल्यविशारदांचे मत जरूर घ्या. परंतु पहिला प्रश्न ज्यांच्या शरीरावर शस्त्र चालणार आहे, त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.