पोरांचं नाव संशोधनात घालावं का?



ज्वारीचे नवे वाण आले की आपला पहिला प्रश्न ठरलेला. "आमच्या रानात चालतंय का?" राहुरीला ते कितीही जोमदार दिसो, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आणि सांगोल्याच्या माळावर पाहिल्याशिवाय आपण थैली फोडत नाही. औषधाला, लसीला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांवर पाहिलेली लस ऊसतोड्याच्या किंवा मेंढपाळाच्या लेकराला तितकीच लागू पडते का, हे त्या लेकरांची नोंद झाल्याशिवाय कळायचे कसे?

आपल्या जिल्ह्याला हे काम नवे नाही. खेड्यांतील कर्करोगाची देशातली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. पुढे बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा रुग्णालयाबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावगटांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. काही गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या विषाणूची तपासणी, काही गावांत दुसऱ्या तपासण्या, आणि काही गावे नुसती तुलनेला. २००९ साली आकडे छापून आले. विषाणूची तपासणी झालेल्या गावांत या रोगाने ३४ मृत्यू, तुलनेच्या गावांत ६४. आपल्या तुलनेच्या वाफ्यात फार तर पोतेभर ज्वारी जाते, इथे माणसे होती. त्यावर पुढे टीका झाली आणि ती मला रास्त वाटते.

त्याच २००९ साली या रोगाच्या लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायला बार्शीसह देशातील नऊ केंद्रांवर १० ते १८ वर्षांच्या मुलींना लस देणे सुरू झाले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने ते थांबवले. कारण दुसऱ्याच एका प्रकल्पातले. आंध्र व गुजरातेत काही लस घेतलेल्या मुली दगावल्या होत्या. मृत्यू लसीने झाल्याचे चौकशीत दिसले नाही, परंतु आंध्रात आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. इकडे हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. तरी त्यांची नोंद चालू राहिली, आणि दहा वर्षांनी दिसले की एका डोसाचे संरक्षण तीन डोसांच्या तोडीचे आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे म्हटले, त्यामागे या मुलींच्या नोंदीही आहेत.

तेव्हा माय-भगिनींनो, कोणी कागद घेऊन दारी आले तर हाकलू नका, पण वाचून घेतल्याशिवाय अंगठाही उठवू नका. १८ वर्षांखालील मुलासाठी आईबापाचीच संमती लागते, मास्तरांची किंवा सरपंचांची चालत नाही. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याचा स्वतःचा होकारही विचारावा लागतो. काय टोचणार, रक्त किती घेणार, आमचे लेकरू तुलनेच्या गटात गेले तर त्याला काय मिळणार, हे खुशाल विचारा. नाव केव्हाही काढून घेता येते, त्याने दवाखान्यातले नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. कागदाची एक प्रत मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.

दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्यावर जाणाऱ्यांनी निघण्याआधी तिकडचा ठिकाणा आशाताईंना सांगून जावे. फेरतपासणीला आलेला माणूस कुलूप पाहून परत गेला की ते नाव गळते, आणि बहुधा आपल्याच लोकांची नावे अशी गळतात.