गड आणि गडकरी

दिवाळीची सुटी लागली की आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे मुलांबाळांसह गड पाहावयास निघतात. रविवारची पहिली मिस्सा ऐकावी, भाकरीची शिदोरी बांधून घ्यावी आणि दिवेलागणीस घरी परतावे, इतक्या जवळ आपल्या सीमाभागात गड आहेत. येळ्ळूरचा राजहंसगड आहे, संकेश्वराशेजारी हरगापूरचा वल्लभगड आहे. आज मात्र आम्ही वाचकांस गडहिंग्लज तालुक्यातील सामानगडावर नेणार आहोत.

निपाणीहून महामार्गाने संकेश्वर गाठावे आणि तेथून हिरण्यकेशीच्या काठाकाठाने गडहिंग्लजला जावे. वाटेत कर्नाटक संपून महाराष्ट्र केव्हा लागतो, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. शेते तीच, बोलीही तीच. पुढे गडावर थेट मोटार जाते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनाही बरोबर घेण्यास हरकत नाही.

हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला, असे सांगतात. पुढे तो शिवछत्रपतींच्या राज्यात आला. याच तालुक्यात नेसरी येथे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर यांनी मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर झडप घालून देह ठेवला. ती कथा मुलांना पाठ असते, आणि असावीही. परंतु गडावर पोहोचल्यावर तट व बुरूज पाहण्याआधी मुलांना विहिरीवर न्यावे, अशी आमची सूचना आहे.

येथे जांभ्या खडकात खोदलेली सात कमानींची विहीर आहे. पायऱ्या उतरत एका कमानीखालून दुसऱ्या कमानीखाली जावे लागते. उन्हातून आलेल्या माणसास तेथील गारवा सुखावतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी, असा दंडक घालून दिला आहे. त्याचा अर्थ या विहिरीपाशी उमजतो. तोफा कितीही असल्या तरी पाणी आटले की गड शरण जातो. ही विहीर खोदणाऱ्या हातांची नावे मात्र कोणी लिहून ठेविली नाहीत.

हातांचा विषय निघाला म्हणून दूरच्या एका गडाची गोष्ट सांगतो. कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावर ब्रिमस्टोन हिल नावाचा डोंगरी किल्ला आहे. १६९० पासून सुमारे शंभर वर्षे त्याचे बांधकाम चालले होते. इंग्रजांनी तो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून बांधून घेतला. १७८२ साली फ्रेंचांनी वेढा घालून तो जिंकला आणि पुढल्याच वर्षी तहाने परत केला. युनेस्कोने १९९९ साली त्यास जागतिक वारशाचा मान दिला. आपल्या पन्हाळ्यासह मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ साली त्याच यादीत गेले. त्या बेटावर आज किल्ला पाहताना दगड वाहणाऱ्या गुलामांचे स्मरण केले जाते. आपल्याकडे असे स्मरण कोणाचे करावे?

आम्ही म्हणू, गडकऱ्यांचे. गडकरी गुलाम नव्हते; ते वंशपरंपरेने गड राखणारे लोक होते. पहारा, दरवाजा, तटाची डागडुजी ही त्यांची कामे, आणि मोबदल्यात त्यांना कसण्यास जमीन असे. गड म्हणजे त्यांचे घर व भाकरी. १८४४ च्या सुमारास कोल्हापूरचे छत्रपती अल्पवयीन होते, आणि इंग्रजांच्या विचाराने नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित राज्याचा कारभार पाहत होते. नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात जाऊ लागल्या. वडिलार्जित भाकरी हातची जाणार, या भयाने सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. त्यांच्यावर फौज निघाली ती आपल्याच बेळगावच्या छावणीतून. पहिले प्रयत्न फसले. अखेर १३ ऑक्टोबर १८४४ रोजी इंग्रजांनी हल्ला करून सामानगड घेतला. मागोमाग पन्हाळाही पडला. त्यानंतर कोल्हापूर राज्यातील गडांची तटबंदी पाडून टाकण्यात आली. पडक्या तटापाशी उभे राहिल्यावर हे आठवावे. तो सगळाच काळाने पाडलेला नाही.

बंडखोरांची प्रत्येक कृती योग्य होती, असे आम्ही म्हणत नाही. तथापि गरिबाच्या भाकरीचा प्रश्न कागदावरील एका हुकुमाने सोडवू पाहिला म्हणजे काय घडते, हे येथे दिसते. निपाणीकरांस तर हे निराळे सांगावयास नको. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांवर झालेला गोळीबार पाहिलेली माणसे आजही आपल्यांत आहेत. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आपल्या परिपत्रकात शिकविले की, श्रमणाऱ्याला स्वतःचा चरितार्थ नीट चालविता येईल इतका मोबदला मिळणे हा त्याचा न्याय्य हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

हल्ली गड कोणाचा, यावर वाद फार होतात. २०२३ च्या मार्चमध्ये राजहंसगडावरील शिवछत्रपतींच्या एकाच पुतळ्याचे अनावरण चार दिवसांच्या आत दोन पक्षांनी दोनदा केले. वाचकहो, आपण अशा चढाओढीत पडू नये. गड जितका राजाचा, तितकाच त्याच्या विहिरीतून पाणी शेंदणाऱ्याचा, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने दीनांना आणि न्यायासाठी छळ सोसणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. डोंगरावर गेल्यावर त्या शब्दांची आठवण आपणांस व्हावी.

तेव्हा येत्या सुटीत सामानगडास अवश्य जावे. तटावर नावे कोरू नयेत, विहिरीत काही टाकू नये, नेलेला कचरा परत आणावा. देवळापाशी शांतता राखावी, कारण ते शेजाऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. शिदोरी सोडण्यापूर्वी सर्वांनी मिळून या गडावर राबलेल्या अनामिकांसाठी प्रार्थना म्हणावी. आणि घरी परतल्यावर, आपल्या शेतात वा दारी राबणाऱ्या कोणाची मजुरी द्यावयाची राहिली असेल, तर ती त्याच रात्री चुकती करावी.