दापोडीस न पोंचणारी फिल्म

वस्तु तयार होणें निराळें आणि ती आपल्या गांवीं मिळणें निराळें. हा भेद गृहिणींना कोणी शिकवावा लागत नाहीं. कोंकणांत रातांबे पिकतात म्हणून दापोडीच्या दुकानांत चांगलें आमसूल मिळेलच, अशा भ्रमांत त्या कधीं नसतात. यंत्रावर तयार होणाऱ्या मालाविषयीं मात्र आपली भाबडी समजूत असते कीं, कारखाना चालू असला म्हणजे माल सर्वत्र आहेच. ही समजूत या वर्षीं आमच्या घरांत एका वीस वर्षांच्या पुतण्यानें पार मोडून टाकली. त्याला आपल्या आजीचें, म्हणजे आमच्या मातोश्रींचें, छायाचित्र जुन्या पद्धतीच्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर घ्यावयाचें होतें. कॅमेरा वडिलांच्या वेळचा, कपाटांत जपून ठेवलेला. फिल्म हवी होती ती मात्र युरोपांतील एका लहान कारखान्याची. खडकी झाली, पिंपरी झाली, पुण्यांतील दोन पेठा झाल्या. एका दुकानदारानें "पूर्वी येत असे" म्हणून सांगितलें, दुसऱ्यानें मुंबईचा रस्ता दाखविला, आणि तिसऱ्यानें मुदत संपून चार वर्षें झालेली डबी पुढें केली. अखेर मुंबईहून टपालानें दोन डब्या आल्या, त्यांस तीन आठवडे लागले. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. त्या तीन आठवड्यांत त्यांना ताप येऊन गेला, आणि जो विचार घरांतील प्रत्येकाच्या मनांत आला तो कोणीही बोलून दाखविला नाहीं.

असें कां व्हावें, याचें उत्तर फिल्म तयार कशी होते यांत आहे. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरांत रुप्याच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण, ही फिल्मची मूळ घडण. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून काढतात. ज्या घरांत सोवळ्याओवळ्याचा कडक विचार चाले, त्या घरांतही आजोबा-पणजोबांच्या तसबिरी देवघराशेजारीं निःशंकपणें लागल्या. त्यांच्या कागदावरही बहुधा हाच थर होता. त्याविषयीं कोणा शास्त्रीबुवांनीं निर्णय दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं, आणि आतां तो कोणी मागूंही नये! याच जिलेटिनची एक मौजेची हकीकत आहे. एका जिलेटिनची फिल्म प्रकाशाला तल्लख आणि दुसऱ्याची मंद कां, हें कोडें कारखानदारांना पुष्कळ दिवस सुटत नव्हतें. १९२५ च्या सुमारास अमेरिकेंतील कोडक कंपनीच्या शेपर्ड नांवाच्या शास्त्रज्ञानें त्याचा उलगडा केला. मोहरीच्या तेलांत असतें तसलें गंधकयुक्त द्रव्य जिलेटिनांत लेशमात्र असलें म्हणजे फिल्म तल्लख होते, आणि तें तेथें येतें गाईंनीं खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतून. ज्या फोडणीवांचून आपलें वरण पुरें होत नाहीं तिचाच अंश फिल्मलाही लागत होता, हें वाचून आमच्या घरांतील स्त्रीवर्गास फार समाधान वाटलें.

हा लेप देण्याचें यंत्र एकदां चालू केलें म्हणजे थोडक्यांत थांबतां येत नाहीं. रुंद पट्टीवर शेंकडों-हजारों मीटर लेप एका दमांत द्यावा लागतो, तोही संपूर्ण काळोखांत. मोठ्या कारखान्यास तें रोजचें काम आहे. लहान कारखान्याला मात्र एका लेपाचा माल कित्येक महिने विकीत बसावें लागतें. शिवाय माल नाशवंत. डबीवर मुदत छापलेली असते, आणि वैशाखांतल्या गोदामाच्या उष्म्यानें फिल्म मुदतीपूर्वींच धुरकट होते. अशा स्थितींत आयात करणारा व्यापारी हमखास खपणारा मालच आधीं मागवितो. लहान कारखान्याची थोडीशी खेप आली तरी ती मोठ्या शहरांत संपते. यांत व्यापाऱ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. आपण त्याच्या जागीं असतों तर हेंच केलें असतें. आणि हे लहान कारखाने तरी किती उरले? चेक देशांत ह्रादेत्स क्रालोवे येथें १९२१ पासूनचा फोमा टिकून आहे. क्रोएशियांतील सामोबोरच्या फोटोकेमिकानें २०१२ सालीं फिल्म करणें सोडलें. इटलींत फेर्रानिया येथील जुना कारखाना बंद पडल्यावर कांहीं हौशी मंडळींनीं तो लहान प्रमाणावर पुन्हां उभा केला आणि २०१७ सालीं पी-३० नांवाची काळीपांढरी फिल्म बाजारांत आणली.

कलेचें साहित्य जेथवर पोंचतें तेथवरच ती कला पोंचते, हें आमच्या दापोडीनें फार पूर्वीं पाहिलें आहे. गव्हर्नर मॅल्कम यांच्या कारकीर्दींत, १८२८ च्या सुमारास, येथें सरकारी वनस्पति-उद्यान झालें. पुढें डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक असतां त्यांनीं १८४७ ते १८५० या काळांत येथील वनस्पतींचीं चित्रें एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढविलीं. तीं आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पति-उद्यानाच्या संग्रहांत आहेत. चित्रकाराचें नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं. पॅरिसमध्यें दागेर यांची छायाचित्रणविद्या १८३९ सालींच जाहीर झाली होती. तरी दापोडीच्या पानाफुलांच्या वाट्यास कुंचलाच आला, आणि चित्रें पाहतां, तें बरेंच झालें असें म्हणावेंसें वाटतें.

दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, त्याबरोबर फिल्मला छिद्रें पाडण्याचें यंत्रही त्यांना आणावें लागलें. कारण कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. दादरच्या घरांत रात्रीं अंधार करून तीं छिद्रें पाडण्याचें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं केलें, तेंही नटमंडळींचें जेवणखाण सांभाळून. ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या पटाच्या कडेचीं छिद्रें कोणीं पाडलीं, हें चित्रपटाचा इतिहास सांगतांना फार उशिरानें सांगण्यांत येऊं लागलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत कच्च्या फिल्मची आवक घटली, तेव्हां सरकारनें १९४२ सालीं चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली, म्हणजे सुमारें दोन तासांचा खेळ. पुण्यांत प्रभातसारखी संपन्न संस्था होती. पण फिल्म एक इंचही आपली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ही परवशता घालविण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला. आमच्या शेजारीं पिंपरीस पेनिसिलिनसाठीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं निघाला. त्याच धोरणानें १९६० सालीं उटकमंड येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. फ्रान्समधील बोशे कंपनीचें तिला तांत्रिक साहाय्य होतें. निलगिरीची थंड व धूळविरहित हवा या कामास सोयीची. १९६७ सालीं उत्पादन सुरू झालें, आणि रुप्याच्या क्षारांच्या या वस्तूला 'इंदु' असें चंद्राचें नांव ठेवण्यांत आलें. मालाला इतकें समर्पक नांव क्वचितच लाभतें. काळीपांढरी फिल्म, छायाचित्रांचा कागद, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे क्ष-किरणांची फिल्म तेथें होऊं लागली. जगाच्या मानानें कारखाना लहानच होता. आयातीवर निर्बंध होते तोंवर त्याला आधार होता. १९९१ नंतर दारें उघडलीं, परदेशी माल स्वस्त झाला, कर्जाचा भार वाढला, आणि पाठोपाठ फिल्म न लागणारे कॅमेरे आले. अखेर २०१४ सालीं केंद्र सरकारनें कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली व इंदूचा अस्त झाला. तोटा किती काळ सोसावा हा प्रश्न खरा आहे, आणि आम्ही तो हलका लेखीत नाहीं. तथापि काळोखांत सारखा लेप देणाऱ्या हातांची विद्या पुस्तकांतून परत मिळत नसते, हें हिशेबाच्या वहींत कोठें लिहितात, तें आम्हांला सांपडलें नाहीं.

आमचे थोरले बंधु म्हणतात कीं, खिशांतल्या फोननें आईचीं दोनशें छायाचित्रें घेतां येतात, मग एवढा खटाटोप कशाला? त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु त्यांच्याच मागच्या फोनमधील वडिलांचीं शेवटचीं छायाचित्रें त्या फोनबरोबर गेलीं, आणि १९६८ सालची वडिलांची निगेटिव्ह अजून पाकिटांत आहे. ती उजेडापुढें धरली कीं वडील दिसतात. त्याला कोणतें यंत्र लागत नाहीं.

म्हणून नवी फिल्म मिळो वा न मिळो, घरांत आहेत त्या निगेटिव्ह आधीं माळ्यावरून खालीं आणाव्यात. पत्र्याखालची उष्णता व पावसाळ्यांतली ओल हे त्यांचे शत्रु. प्लास्टिकच्या घट्ट पिशवींत न ठेवतां साध्या कागदाच्या पाकिटांत, घरांतल्या थंड व कोरड्या जागीं ठेवाव्यात. डबा उघडतांच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पट्टीचा अ‍ॅसिटेट विघटित होऊं लागला आहे असें समजून ती निगेटिव्ह तत्काळ इतरांपासून वेगळी करावी आणि प्रथम तिची प्रत काढून घ्यावी. बोटें फिल्मच्या कडेलाच लावावीत. प्रत्येक पाकिटावर, आंत फिल्म घालण्यापूर्वीं, कोणाचें चित्र, कोणत्या गांवीं, कोणत्या प्रसंगीं, हें पेन्सिलीनें लिहावें. तें सांगणारीं माणसें बहुतेक घरांत आतां एक-दोनच उरलीं असतील. त्यांच्या शेजारीं दुपारीं बसून तें काम याच महिन्यांत उरकावें, दिवाळीच्या साफसफाईवर टाकूं नये.