दुवा

मराठीतल्या ‘टिचकी’ या शब्दाचे भाग्य गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एकाएकी उजळले. पूर्वी टिचकी मारायची ती कॅरमच्या स्ट्रायकरला; फार तर पुढच्या बाकावरच्या सोबत्याच्या कानाला. आता ती पत्रातल्या शब्दाला मारतात. दिवाळी जवळ आली की संगणकाच्या टपालपेटीत सवलतींची पत्रे लोटतात. कापडवाल्याचे, भांडीवाल्याचे, सहलवाल्याचे. आणि प्रत्येकात एक शब्द निळा, त्याखाली रेघ, आणि शेजारी आग्रह: ‘येथे टिचकी मारा’.

या निळ्या शब्दाला मराठीत ‘दुवा’ हे नाव कोणी दिले ते मला माहीत नाही, पण ज्याने दिले त्याच्या कानाला दाद द्यावीशी वाटते. साखळीची एक कडी म्हणजे दुवा. आणि भल्या माणसाला मनापासून देतात तोही दुवाच. या दोन अर्थांची फारकत झाली म्हणजे काय होते, ते अलीकडे मला जवळून पाहायला मिळाले.

आमच्या महाविद्यालयाने संध्याकाळचा मुद्रितशोधनाचा एक छोटा वर्ग काढायचे ठरवले. माजी विद्यार्थ्यांना जाहिरातीचे पत्र धाडायचे होते. ‘पत्र म्हणजे मराठीचे काम,’ असे म्हणून प्राचार्यांनी ते माझ्याकडे सोपवले. संगणकाची बाजू सांभाळायला कार्यालयातला एक तरुण दिला. मोठा हुशार मुलगा! त्याने मजकुरात पाच ठिकाणी ‘येथे टिचकी मारा’ घालून ठेवले होते.

मी म्हटले, “अरे, ‘येथे’ म्हणजे कुठे? ‘वर्गाचे वेळापत्रक पाहा’ असे लिही, आणि तेच शब्द निळे कर.”

“सर, लोक वाचत नाहीत, दाबतात,” तो म्हणाला.

“मग दाबणाऱ्याला तरी कळू दे, आपण काय दाबतो ते!”

त्याला पटले, आणि पटण्याचे कारणही त्यानेच पुरवले. अंध माणसे संगणकाकडून पत्र वाचून घेतात, तेव्हा पुष्कळदा नुसत्या दुव्यांची यादी ऐकतात. त्या यादीत पाच वेळा ‘येथे, येथे’ ऐकून त्यांना काय बोध होणार?

मग त्याने मला दुव्याची आतली रचना दाखवली, आणि मला एकदम काव्यशास्त्राचा तास आठवला. दुव्याला दोन अंगे. एक डोळ्यांना दिसते ते शब्द. दुसरे पोटातला पत्ता, जिथे टिचकी तुम्हांला नेते. म्हणजे वाच्यार्थ निराळा आणि लक्ष्यार्थ निराळा! शिवाय जाहिरातीच्या पत्रात पत्त्यामागे प्रश्नचिन्ह देऊन एक शेपूट जोडलेले असते. कोणत्या पत्रातून गिऱ्हाईक आले, ते धाडणाऱ्याला त्यावरून कळते. ही झाली व्यंजना. या शेपटांना ‘यूटीएम’ म्हणतात. त्यातला पहिला ‘यू’ अर्चिन नावाच्या कंपनीचा. ती गूगलने २००५ साली विकत घेतली, पण शेपटात तिचे आद्याक्षर राहिले.

जाहिरातीचे पत्र जागतिक जाळ्यातल्या दुव्याहून वडील आहे, हे ऐकून मात्र मला नवल वाटले. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीतल्या गॅरी थर्क यांनी सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा पत्र पाठवले. त्यात दुवा कुठला? कॅलिफोर्नियात येऊन आमची नवी यंत्रे पाहा, एवढे आमंत्रण होते. आणि त्यावरही तक्रारी झाल्या! ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ साली छापला; टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाच्या सर्न संस्थेत १९८९ साली जागतिक जाळ्याची योजना मांडली. त्यांच्या लिपीत दुव्याची खूण आहे ‘ए’, म्हणजे अँकर. जहाजाचा नांगर! ज्याच्या भरवशावर जहाज उभे राहायचे, तेच नाव दुव्याला मिळाले.

पण भरवसा उरला आहे कुठे? आमचे पत्र गेले आणि दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. माझ्याहून वयाने पुष्कळ वडील; आमच्याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी.

“सर, हे पत्र खरंच कॉलेजचं आहे ना? वर्गाला यायची फार इच्छा आहे हो. पण त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवायला हात धजत नाही. गेल्या वर्षी बँकेच्या नावानं असंच पत्र आलं. ह्यांनी दाबलं, आणि पेन्शनचे चाळीस हजार गेले. तेव्हापासून हे पेपरसुद्धा भीत भीत उघडतात.”

मी त्यांना म्हटले, “बाई, दाबूच नका. पत्राखाली कार्यालयाचा फोन आहे. नाव सांगा, झाले.”

फोन ठेवला, पण ते शेवटचे वाक्य मनातून जाईना. लबाडाने चाळीस हजार नेले ते नेलेच. पण त्याबरोबर एका माणसाचा अक्षरांवरचा विश्वास नेला, आणि त्याची किंमत प्रत्येक प्रामाणिक पत्राला मोजावी लागते आहे.

तेव्हा वाचकहो, दुवा पारखायची रीत ठाऊक असू द्या. संगणकावर बाण दुव्यावर नुसता टेकवला, दाबला नाही, तर खरा पत्ता बहुधा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात उमटतो. तो आपल्या नावांसारखा वाचायचा. आपल्याकडे आधी नाव येते. घराणे कळते ते शेवटच्या आडनावावरून. तसेच इथे. सुरुवातीच्या जोडरेघांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी पत्त्याचे आडनाव असते. त्याच्यापुढे बँकेचे नाव कोणीही चिकटवू शकतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५ साली आपल्या बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे आडनाव राखून ठेवले. आणि दुर्दैवाने पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करा. तिथे वेळेला किंमत आहे.

पत्रे धाडणाऱ्यांनाही थोडे सांगणे आहे. दुव्यावर जे लिहाल, तिथेच न्या. पत्ता आखूड करून त्याचे तोंड झाकू नका. शेजारी फोन द्या. आणि ‘पुन्हा पत्र नको’ हा दुवा मुंगीच्या अक्षरात दडवू नका. अशी सोय ठेवणे अमेरिकेत २००३ च्या कायद्यापासून सक्तीचे आहे, आणि मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांनी तो एका टिचकीचा ठेवावा, असा आग्रह गूगल आणि याहू यांनी २०२४ पासून धरला आहे. पाहुण्याला दार उघडून आत घ्यावे, तसेच निघताना दार उघडूनही द्यावे. ही तर आपल्या घरांची रीतच आहे.

त्या बाई आता वर्गाला येतात. पहिल्या बाकावर बसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्याआधी पकडतात. त्यांचे यजमान त्यांना फाटकापर्यंत पोचवायला येतात. नावनोंदणी फोनवरच झाली. आमच्या निळ्या शब्दाला त्यांनी अजून बोट लावलेले नाही. लावतील तेव्हा लावोत. दुवा मागून मिळत नसतो. तो मिळवावा लागतो.