एका खुणेवर निवाडा नको

पोळा आला की आमच्या तलमडुगूच्या परिसरात बैलांची शिंगे रंगतात. रंगावरून मालक आपली जोडी दुरूनच ओळखतो. परंतु शेजाऱ्यानेही तोच रंग लावला असेल तर? मग तो वशिंड पाहतो, कपाळावरचा पांढरा ठिपका पाहतो, चाल पाहतो आणि मगच कासरा हाती घेतो. रक्ताची परीक्षा करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही हाच शहाणपणा अंगी बाणविला आहे. तो आपण सर्वांनी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. रोगाशी झुंजणे हे त्यांचे काम. त्यांतील लिंफोसाइट नावाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. कामे मात्र निरनिराळी. काही प्रतिपिंडे तयार करतात, काही रोगट पेशींचा नाश करतात, तर काही इतरांस कामास लावतात. प्रत्येकीच्या पृष्ठभागावरील रेणू भिन्न असतात. त्याच तिच्या खुणा होत.

प्रतिपिंड हे आपल्या ठरलेल्या रेणूसच चिकटते. १९४१ साली अमेरिकेत आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडास प्रकाशाने चमकणारा रंग जोडून दाखविला. १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी मिळविण्याची रीत शोधली. तिला १९८४ साली नोबेल पारितोषिक लाभले. आज अशी रंगीत प्रतिपिंडे रक्तात मिसळून ते फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात सोडतात. फाटकातून गुरे एकेक करून जावीत, तशा पेशी बारीक धारेतून लेसरच्या झोतापुढून जातात. ज्या रंगाची चमक उठते, त्यावरून यंत्र पेशीची जात नोंदते. एका सेकंदात हजारो पेशींची गणती होते.

या गणतीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. एड्सचा विषाणू सीडी-४ ही खूण असलेल्या साहाय्यक पेशींचा नाश करतो. एप्रिल २००४ मध्ये आपल्या देशात मोफत औषधे देण्यास आरंभ झाला, तेव्हा ती कोणास द्यावयाची हे ठरविताना या पेशी घन मिलिमीटरात २०० पेक्षा कमी आहेत काय, हे मुख्यतः पाहिले जाई. २०१७ पासून निदान होताच सर्वांस औषध मिळते. तरी रोगाने शरीर किती पोखरले आहे, हे जाणण्यास ही गणती अजूनही उपयोगी पडते.

आता गंमत पाहा. सीडी-४ ही खूण मोनोसाइट नावाच्या दुसऱ्याच जातीच्या पेशींवरही थोडीबहुत असते. केवळ तिच्यावर विसंबले तर गणती चुकावयाची. म्हणून सीडी-३ ही दुसरी खूणही तपासतात आणि दोन्ही ज्या पेशीवर असतील तीच साहाय्यक पेशी धरतात. इतकेच नव्हे, तर पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने देशभरच्या प्रयोगशाळांस सारखेच नमुने पाठवून त्यांची गणती पारखण्याचे काम केले. रक्ताच्या कर्करोगातही बिघडलेली पेशी कोणत्या जातीची, हे अनेक खुणा जुळवूनच ठरवितात. कारण त्यावर औषधयोजना अवलंबून असते.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशास? आमचे उत्तर असे, की चुकीच्या निवाड्याची किंमत रोग्यास मोजावी लागते. आणि गावात आपण काय करतो? कोणी वाळला, कोणी शहरच्या दवाखान्यात दोनदा दिसला, की ओट्यावर निकाल लागतो : ‘त्याला तोच रोग!’ मग लोक त्याच्या घरचे पाणी टाळतात, आणि हे पाहून दुसरा रोगी तपासणीसच जात नाही. पाणी पिण्याने वा शेजारी बसण्याने हा रोग जडत नाही. भीतीने लपविलेला रोग मात्र प्राण घेतो.

विद्यार्थी मित्रहो, एका पेशीची ओळख पटविण्यासही शास्त्रज्ञ दोन खुणा मागतो. जिवंत माणसाविषयी बोलताना आपण निदान तितके तरी थांबावे. रक्त तपासणीस देणाऱ्याकडे बोट दाखवू नये. त्यास धीर द्यावा. यंत्र घेण्याचे सामर्थ्य आपल्या गावास नसेल. हा विवेक अंगी आणण्यास मात्र एक पैसाही लागत नाही.