कायदा दिल्लीचा, काठी फौजदाराची

परदेशी कोण हे ठरवायचा कायदा दिल्ली करते. घटनेच्या सातव्या अनुसूचीनं तो विषय केंद्राचा. पण वस्तीत 'कागद काढ' म्हणत येतो तो राज्याचा पोलीस. मी परका नाही, हे ज्याला धरलं त्यानंच सिद्ध करायचं, असं १९४६ चा कायदा सांगायचा. २०२५ चा नवा कायदाही तेच सांगतो. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाण्याकडे पोलिसांनी उचललेले काही बंगाली मजूर थेट बांगलादेशात ढकलले गेले. निघाले भारताचेच! परत आणावे लागले.

आपल्याला काय त्याचं, म्हणू नका. साक्री-शिरपूरचा भिल्ल, पावरा ऊसतोडीला गुजरातेत जातो, पोर फडावरच जन्मतं. त्याचा जन्मदाखला कुठून आणायचा? पारध्यावरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, फौजदाराच्या डोक्यातून नाही. त्याच डोक्याच्या हाती आता आपलं नागरिकत्व द्यायचं?

घुसखोर असतीलही. मग पुरावा सरकारनं द्यावा, कोर्टात द्यावा. जळगाव-धुळ्याच्या पोरांनो, ज्यांची जन्मनोंद राहिली त्यांना सोबत घ्या अन् कचेरीवर धडका. या मातीत राबणाऱ्यानं आपण इथलेच आहोत हे कुणाकुणाला सांगत फिरायचं?