ना वेतन, ना विद्या!

शब्दांच्या जाळ्यात माणसे पकडण्याची कला या जगात पुष्कळांना साधलेली आहे. परंतु एका जोडशब्दाच्या बळावर साठ वर्षांहून अधिक काळ तरुणांच्या पिढ्यान् पिढ्या राबवून घेण्याचा जो पराक्रम अमेरिकेतील विद्यापीठांनी केला, त्याला तोड नाही. तो जोडशब्द म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’! किती सोज्वळ, किती सात्त्विक शब्द! एका हाती पुस्तक, दुसऱ्या हाती चेंडू आणि मस्तकावर सरस्वतीचा वरदहस्त! पण व्यवहारात या शब्दाचा अर्थ काय होता? पोराने वेतन मागितले, की त्याला सांगायचे, ‘तू विद्यार्थी आहेस.’ त्याने विद्या मागितली, की सांगायचे, ‘तू खेळाडू आहेस, चल मैदानावर!’

२०२५ सालच्या जून महिन्याच्या ६ तारखेला अमेरिकेच्या संघीय न्यायालयातील न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एका तडजोडीला मान्यता दिली आणि या ढोंगाचा अर्धा बुरखा फाटला. महाविद्यालयीन खेळांवर अधिराज्य गाजवणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ या संघटनेने व तिच्या बड्या सहकाऱ्यांनी आजीमाजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे आहेत. शिवाय तडजोड स्वीकारणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली असून, २०२५-२६ या पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. या निकालाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु आमचा सवाल त्याच्या पुढचा आहे. वेतनाचा हिशेब झाला. विद्येचा हिशेब कोण करणार?

हा गोंडस शब्द जन्माला आला कसा, ते वाचकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. १९५५ साली कोलोरॅडो राज्यातील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा तरुण फूटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. कामावर मेलेल्या मजुराच्या कुटुंबाला मिळते ती नुकसानभरपाई त्याच्या विधवेने मागितली. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की महाविद्यालयाचा काही फूटबॉलचा धंदा नाही; सबब हा कामगार नव्हे आणि भरपाईही नाही! याच काळात संघटनेचे सूत्रधार वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द सर्वत्र सक्तीने रूढ केला. खेळाडू कामगार ठरतील, ही धास्ती त्यामागे होती, असे खुद्द बायर्स यांनीच १९९५ साली आपल्या पुस्तकात कबूल केले. १९५१ पासून १९८७ पर्यंत ज्याने हा गाडा हाकला, त्याचीच ही साक्ष! यापरता पुरावा तो कोणता हवा?

आणि म्हणे फूटबॉलचा धंदा नाही! २०१० साली याच संघटनेने बास्केटबॉलच्या वार्षिक स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे चौदा वर्षांचे हक्क १,०८० कोटी डॉलरना विकले. जॉर्जिया विद्यापीठाने २०२४ साली आपल्या फूटबॉल प्रशिक्षकाला दिलेला पगार वर्षाकाठी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात जातो. याउलट २०१४ साली, ज्या वर्षी कनेटिकट विद्यापीठाने ती बास्केटबॉल स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी त्या विजेत्या संघाचा नायक शबाझ नेपियर याने जाहीरपणे सांगितले, की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो! संघटनेला लाज वाटली आणि जेवणाचे नियम सैल झाले. प्रशिक्षकाला कोट्यवधी आणि खेळणाऱ्याला उपास, हा कोणत्या विद्यामंदिराचा धर्म?

‘पण त्यांना शिष्यवृत्ती मिळते ना?’ असे विद्यापीठांचे कैवारी विचारतात. शिक्षण फुकट मिळते, हेच त्यांचे वेतन! ठीक आहे. आता हे शिक्षण कसे मिळते, तेही पाहू. ओमाहा येथील क्रेटन विद्यापीठात केव्हिन रॉस हा तरुण १९७८ ते १९८२ अशी चार वर्षे बास्केटबॉल खेळला. त्याला नेमबाजी आणि बास्केटबॉलचे तत्त्व असले विषय घ्यायला लावले. चार वर्षांनी तो बाहेर पडला, तेव्हा त्याचे भाषाज्ञान चौथीतल्या आणि वाचन सातवीतल्या मुलाएवढे होते, असे त्याच्या दाव्यात नमूद आहे. पुढे शिकागोच्या एका शाळेत हा धिप्पाड पुरुष लहान मुलांच्या शेजारी बसून वाचायला शिकला. विद्यापीठाने त्याला चार वर्षे खेळवले आणि वाचायला शिकवले ते प्राथमिक शाळेने!

हे एखाद्याच विद्यापीठाचे पाप म्हणावे, तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची कथा त्याहून भयंकर आहे. तिथे १९९३ पासून २०११ पर्यंत, तब्बल अठरा वर्षे, केवळ कागदावरचे वर्ग चालले. वर्ग भरत नसे, प्राध्यापक दिसत नसे; एक निबंध दिला की उत्तम श्रेणी पदरात पडे. या वर्गांचा लाभ ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतला व त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते, असे २०१४ च्या चौकशी अहवालाने उघड केले. मग संघटनेने काय केले? २०१७ साली तिने ठरवले, की हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून आमचा नियम मोडलेला नाही! फसवणूक सर्वांना खुली असली, की ती फसवणूक उरत नाही, हे न्यायशास्त्र आम्हांला तरी नवीन आहे.

याच संघटनेने विद्येचा दर्जा राखण्यासाठी १९८३ साली प्रवेशपरीक्षेतील किमान गुणांचा नियम केला होता. दर्जा हवाच, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु कसोटी लावली ती कोणाला? दरिद्री शाळांतून आलेल्या पोरांना! त्यांना शिकवण्याचे वचन देऊन न शिकवणारी विद्यापीठे मात्र बहुधा मोकळीच सुटली. २०१४ साली राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या एका प्रादेशिक अधिकाऱ्याला आढळले, की नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे फूटबॉलपटू हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास खेळाला देतात. मग पुस्तक उघडायचे केव्हा? आणि २०२४ पासून तर पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड विद्यापीठ चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या साखळीत सामने खेळते! टेलिव्हिजनच्या पैशासाठी मुलांनी खंड ओलांडायचा आणि वर्ग बुडवायचा. वर त्यांनाच ‘विद्यार्थी’ म्हणायचे!

या ढोंगाचा कळस २०२१ साली झाला. संगणक, पदव्युत्तर शिष्यवृत्ती असले केवळ शिक्षणाशी निगडित लाभ खेळाडूंना किती द्यावेत, यावरची आपली मर्यादा टिकवण्यासाठी ही संघटना थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तिला धूळ चारली. पण लढा कशासाठी होता, ते ध्यानी घ्या. विद्यार्थी म्हणून ज्यांची मिरवणूक काढली, त्यांना विद्येची साधने अधिक मिळू नयेत म्हणून!

पैसे देण्यावर जे आक्षेप आहेत, ते सगळेच पोकळ आहेत असे नव्हे. बहुतेक विद्यापीठांचे क्रीडाविभाग मिळवतात त्याहून अधिक खर्चतात. तडजोडीतील थकबाकीचा सिंहाचा वाटा फूटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार; मुलींच्या आणि लहानसहान खेळांच्या पानात काय उरणार, ही चिंता रास्त आहे. परंतु प्रशिक्षकाच्या पगाराच्या वेळी न आठवणारी काटकसर खेळाडूच्या वेळीच आठवावी, हे गौडबंगाल आम्हांला कळत नाही.

आपण मराठी माणसांनीही दुरून टाळ्या पिटून भागणार नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी आपला विद्यार्थी खाशाबा जाधव हेलसिंकीला जावा म्हणून स्वतःचे राहते घर गहाण ठेवले, आणि १९५२ साली स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कऱ्हाडच्या मातीत आले. कॉलेजने खेळाडूसाठी घर गहाण टाकणे कुठे आणि खेळाडूलाच गहाण टाकणे कुठे! पण खर्डेकरांचे नाव घेणारे आपण आज करतो काय? दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूला सवलतीचे गुण देऊन मोकळे होतो. गुण देणे म्हणजे शिकवणे नव्हे. सरावात बुडालेला तास त्याला पुन्हा कोणी शिकवला काय, हा प्रश्न कोल्हापुरातही तितकाच खरा आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्याच्या खेळावर विद्यापीठ कमावते, त्याला त्याचा वाटा द्या, आणि तो उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून द्या. त्याची शिष्यवृत्ती हंगामाशी न बांधता पदवीशी बांधा; गुडघा मोडला म्हणून तिच्यावर पाणी सोडू नका. पाच वर्षांनी तो परत आला, तरी वर्गाचे दार त्याला उघडे ठेवा. आणि खेळाडू नापास झाला, तर त्याच्याबरोबर विद्यापीठालाही जाब विचारा!

मैदानावरचा जयजयकार चार वर्षांचा असतो. पुढची चाळीस वर्षे माणसाला विद्येवर काढायची असतात. त्या तरुणांच्या घामाचे पैसे उशिरा का होईना, न्यायालयाने वसूल केले. त्यांची चोरलेली विद्या परत करण्याचे काम कोणत्याही न्यायालयाला जमणार नाही. ते विद्यापीठांनाच करावे लागेल. तेवढी लाज त्यांच्या ठायी उरली असेल, तर त्यांनी आजच सुरुवात करावी!